छोटी पोस्ट नेमकी किती छोटी असावी?

तुम्ही विचारलंय की सोशल मीडियावर छोटी पोस्ट लिहिताना किती अक्षरांत थांबायचं, कारण कोणी १०० सांगतं, कोणी २८० भरून काढा म्हणतं, आणि तुमचा अनुभव असा की मोठं लिहिलं तर लोक वाचत नाहीत नि छोटं लिहिलं तर पोस्टमध्ये असायला हवं होतं तेच लोक खाली येऊन विचारतात. ही दुसरी अडचण मला जास्त ओळखीची वाटली.

मी काही वर्षांपासून रस्त्यावरच्या मांजरी-कुत्र्यांसाठी घर शोधणाऱ्या एका छोट्या ग्रुपची अकाउंट्स सांभाळते, म्हणजे दिवसाला दोन-तीन पोस्ट, सगळ्या छोट्या, आणि प्रत्येकीतून काहीतरी घडायला हवं असतं, कोणीतरी फोन करायला हवा असतो. त्यामुळे लांबीचा विचार मला रोजच करावा लागतो.

आधी आकड्यांचं बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. हे आकडे आले कुठून? १९८० च्या दशकात मोबाईलवरच्या एसएमएसची लांबी ठरवताना फ्रिडहेल्म हिलेब्रांड नावाच्या जर्मन इंजिनिअरने टाइपरायटरवर साधी साधी वाक्यं आणि प्रश्न लिहून मोजले होते आणि बहुतेक सगळे १६० कॅरॅक्टरच्या (म्हणजे मशीन एकेक मोजतं ती अक्षरं, चिन्हं, स्पेस) आत बसले. पुढे ट्विटर २००६ मध्ये आलं ते एसएमएसवरून चालायचं, म्हणून १६० मधले २० युजरनेमला ठेवून १४० उरले. म्हणजे वाचणाऱ्याला किती झेपतं याच्याशी १४० चा काही संबंध नव्हता, तो मेसेजचा हिशोब होता. आणि मराठीला तर तेवढीही जागा नव्हती, देवनागरीत एसएमएस लिहिला की एका मेसेजमध्ये ७० च कॅरॅक्टर बसतात. २०१७ मध्ये ट्विटरने मर्यादा २८० केली तेव्हा सगळ्यांना वाटलं आता लोक पानंच्या पानं लिहिणार, पण त्यांनीच सांगितलं की चाचणीच्या काळात १४० च्या वर गेलेली ट्विट्स फक्त ५ टक्के होती. आधी इंग्रजीतली ९ टक्के ट्विट्स मर्यादेला जाऊन धडकायची, ती १ टक्क्यावर आली. मला यातून एवढं कळतं की लोकांना जागा वाढवून मिळाली तरी ते ती भरत बसत नाहीत, त्यांना फक्त शेवटचा शब्द कापावा लागू नये एवढंच हवं असतं.

बाकी ठिकाणच्या मर्यादा तर इतक्या मोठ्या आहेत की त्यांच्याकडे बघून काही ठरवताच येत नाही. थ्रेड्सवर ५००, ब्लूस्कायवर ३००, व्हॉट्सअॅपच्या टेक्स्ट स्टेटसला ७००, इन्स्टाग्रामच्या कॅप्शनला २२००, लिंक्डइनला ३०००, आणि फेसबुकवर ६३ हजारांच्या वर. एक्सवर, म्हणजे आधीच्या ट्विटरवर, पैसे भरून सबस्क्रिप्शन घेतलं तर २५ हजार. या सगळ्या भांड्याच्या कडा झाल्या, आत किती ओतायचं ते त्या सांगत नाहीत.

मराठीत लिहिणाऱ्याने अजून एक गोष्ट माहीत करून घ्यावी, कारण यात खूप जण फसतात. आपण अक्षर म्हणतो ते एक आणि मशीन मोजतं ते वेगळं. एक्सवर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलंत, सगळं वेगळं मोजलं जातं. 'कुत्र्याला' हा शब्द आपल्या मते तीन अक्षरांचा, तिथे तो १० खातो. 'प्रश्न' दोन अक्षरांचा, तो ६ खातो. इमोजी २ खातो, लिंक कितीही लांब किंवा छोटी असली तरी २३. ब्लूस्काय वेगळ्या पद्धतीने मोजतं, तिथे वेलांटी-मात्रा आपल्या अक्षरासोबतच धरली जाते, त्यामुळे ३०० मध्ये मराठी बरंच जास्त मावतं. माझ्या हिशोबात एक्सच्या २८० मध्ये मराठीचे साधारण ४० शब्द बसतात. म्हणून कोणी 'इतकी अक्षरं' म्हणून सल्ला दिला तर तो कुठल्या भाषेसाठी आहे हे आधी बघा, इंग्रजीवरून आलेला आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

आता खरं महत्त्वाचं. लोकांना दिसतं किती? पोस्ट लांब असली की बऱ्याच ठिकाणी स्क्रीनवर आधी दोन-तीन ओळी दिसतात आणि मग 'आणखी पहा'. इन्स्टाग्रामवर साधारण १२५ कॅरॅक्टरनंतर कॅप्शन तुटतं असं म्हणतात, पण तेही पक्कं धरू नका, कारण मधे एंटर मारून ओळ सोडली की ती रिकामी ओळही जागा घेते, आणि वाचणाऱ्याने फोनवर फॉन्ट मोठा ठेवला असेल तर अजून आधी तुटतं. मला हे आईचा फोन हातात घेतल्यावर कळलं, तिचा फॉन्ट एवढा मोठा आहे की माझी जी पोस्ट मला पूर्ण दिसत होती ती तिला 'नमस्कार, आज आम्ही तुमच्यासमोर एक' एवढीच दिसत होती. बस. मांजरीचा पत्ताच नाही. तेव्हापासून मी पोस्ट करायच्या आधी एकदा मोठ्या फॉन्टवर बघते.

म्हणजे लांबी कमी करायची तर कात्री पहिल्यांदा सुरुवातीला लावा. बहुतेक जण शेवट कापतात, आणि शेवटी असतं काय तर तारीख, नंबर, काय करायचंय ते! आमची आधीची पोस्ट अशी असायची: 'नमस्कार मित्रांनो, आज आम्ही तुमच्यासमोर एक खूप महत्त्वाची विनंती घेऊन आलो आहोत, आपल्या सगळ्यांनाच मुक्या प्राण्यांबद्दल प्रेम वाटतं, तर अशाच एका गोड पिल्लाला...' आणि असं चार ओळी. आता अशी असते:

'तीन महिन्यांची काळी-पांढरी मांजर, लस झालीये, माणसांची सवय आहे. शनिवारपर्यंत घर हवंय.'

स्पेस धरून ८४ कॅरॅक्टर होतात. नंबर त्याच्याच खालच्या ओळीत. यात वय आहे, रंग आहे, तब्येत आहे, स्वभाव आहे, मुदत आहे, आणि लोक फोन करतात तेव्हा आधी हेच चार-पाच प्रश्न विचारतात. ही यादी मी बसून विचार करून नाही काढली, आलेल्या फोनमधूनच काढली. तुमच्याकडेही लोक खाली येऊन तेच तेच विचारतात म्हणालात ना, मग ते प्रश्न लिहून काढा, त्यातले जे तीनदा आले ते पोस्टमध्ये असायलाच हवेत, आणि जे कोणीच कधी विचारलं नाही ते बहुतेक काढता येईल.

पण इथेच मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते येतं. छोटं करण्याचाही एक नाद लागतो. मलाही लागला होता. एका थंडीत आम्ही एक पोस्ट केली होती, आई नसलेलं पिल्लू सापडलं तर काय करायचं यावर, आणि ती एक्सवर २८० च्या थोडी वर जात होती. मूळ वाक्य होतं 'गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिल्लाजवळ ठेवा'. मी 'कापडात गुंडाळून' काढलं. दोन शब्द, १५ कॅरॅक्टर. मला वाटलं हे तर कोणालाही समजतं, सांगायची काय गरज. दोन दिवसांनी एका मुलीचा मेसेज आला, तिने पोस्ट वाचून बाटली तशीच ठेवली होती आणि पिल्लाच्या पोटाची कातडी भाजली होती. पिल्लू जगलं, बरं झालं, पण तिने किती मनापासून केलं होतं सगळं, आणि आम्ही सांगितलं तसंच केलं होतं. चूक तिची नव्हतीच. पोस्ट वाचायला येतो तो माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदाच त्या परिस्थितीत असतो, आपल्याला जे उघड वाटतं ते त्याला माहीत नसतं म्हणूनच तर तो वाचतोय.

त्या दिवसापासून मी उलटीकडून सुरुवात करते. किती लांब हवी हे आधी ठरवतच नाही. आधी सगळं मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून काढते, हवं तेवढं. मग एकेक शब्द झाकून बघते, हा काढला तर कोणाचं नुकसान होईल का, कोणी चुकीचं करेल का, की फक्त वाक्य कमी गोड होईल? गोडवा गेला तर चालतो. अट गेली तर नाही चालत. 'डॉक्टरांना विचारून', 'रिकाम्या पोटी नको', 'फक्त सकाळी', 'आधी फोन करून या', असे छोटे छोटे तुकडे दिसायला फालतू वाटतात पण सगळा अर्थ त्यांच्यावर उभा असतो. मांजरांना पॅरासिटामॉल जीवघेणी ठरते, हे लिहायचं तर 'माणसांची औषधं देऊ नका' एवढं सामान्य लिहून भागत नाही, नाव लिहावंच लागतं, कारण ताप आला की घराघरात हात तिकडेच जातो. हे सगळं राहिल्यावर जी लांबी उरते तीच त्या पोस्टची लांबी. कधी ८४ होते, कधी ६००. आणि ६०० झाली तर ती २८० मध्ये कोंबायची नाही, दोन पोस्ट करायच्या किंवा जिथे जागा आहे तिथे टाकायची, पण दोन केल्या तर प्रत्येक पोस्ट एकटी वाचली तरी धोका होणार नाही अशी तोडायची, कारण लोक दुसरी शेअर करतात आणि पहिली मागेच राहते.

अजून एक. माफी मागायची असेल, कोणाबद्दल तक्रार असेल, कोणी गेल्याची बातमी असेल, तर तिथे आखूड लिहिण्याची घाई नको. तिथे आखूडपणा तुटक वाटतो आणि लोकांना लागतो. उलट 'आज केंद्र बंद' सारखं असेल तर तीन शब्दांनंतर चौथाही नको, फक्त तारीख घाला, कारण पोस्ट दुसऱ्या दिवशीही फिरत राहते आणि 'आज' म्हणजे कधी हे कोणालाच कळत नाही.

इमोजी आणि हॅशटॅगबद्दल थोडक्यात: ज्यांना दिसत नाही ते लोक स्क्रीन रीडर वापरतात आणि तो प्रत्येक इमोजीचं नाव मोठ्याने वाचतो. सुरुवातीला सहा हृदयं टाकली तर त्यांना सहा वेळा तेच ऐकावं लागू शकतं, मग मांजर. एखादा टाकायचाच तर शेवटी टाका, हॅशटॅगही शेवटीच, दोन-तीन पुरे.

तुम्ही एक करून बघा. तुमच्या आधीच्या १० पोस्ट घ्या, फोनचा फॉन्ट सगळ्यात मोठा करा, आणि प्रत्येक पोस्ट 'आणखी पहा' च्या आधी कुठे तुटते ते कागदावर लिहा. मग ज्याला तुम्ही कोण, काय करता काहीच माहीत नाही अशा कोणालातरी तेवढाच तुटलेला तुकडा वाचून दाखवा आणि विचारा, यात तुला काय करायला सांगितलंय? मी हे केलं तेव्हा माझ्या १० पैकी ७ पोस्टना उत्तर आलं 'माहीत नाही', आणि त्या सातही पोस्ट 'नमस्कार' ने सुरू होत होत्या.