एक्झॉस्टच्या उष्णतेने इंजिनची वायरिंग वितळतेय, काय गुंडाळू?

गुंडाळायचं नंतर बघू, आधी वायर लांब न्या. मॅनिफोल्डपासून (इंजिनमधला गरम धूर गोळा करून बाहेर नेणारा एक्झॉस्टचा पहिला पाईप) चार बोटं जरी अंतर वाढलं तरी बराच फरक पडतो, कारण जोर लावून चालवताना मॅनिफोल्ड ६००-७०० डिग्रीच्या वर सहज जातो आणि साध्या पीव्हीसी वायरचं कव्हर ८० ते १०५ पर्यंतच टिकतं. कंपनीचं हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा, जागेवर आहे का तेही बघा, बऱ्याचदा कुणीतरी खडखड आवाज येतो म्हणून काढून टाकलेलं असतं आणि खरा लोचा तिथेच असतो.

जागाच नसेल तर वायरवर चढवायची फायबरग्लासची स्लीव्ह (नळीसारखं कव्हर) घ्या, बाहेरून ॲल्युमिनियमचा चकचकीत थर असलेली, कारण इथे त्रास मुख्यतः रेडिएशनचा, म्हणजे न टेकता लांबूनच येणाऱ्या उष्णतेचा असतो आणि चकचकीत पृष्ठभाग ती उष्णता परत फेकतो. पण स्लीव्ह पाईपला टेकवायची नाही हं, मध्ये हवा पाहिजेच, टेकली की चकचकीतपणाचा काही उपयोग नाही. काळी इन्सुलेशन टेप तर नकोच, गोंद पातळ होऊन सगळं चिकट होतं. प्लास्टिकचे झिप टायही तिथे कडक होऊन तुटतात आणि वायर परत पाईपवर येऊन पडते, म्हणून धातूची क्लिप लावा.

आधीच कडक झालेला किंवा तडकलेला तुकडा कापून तिथे त्याच जाडीची सिलिकॉन कव्हरची वायर जोडा, ती साधारण १८०-२०० डिग्री सोसते. हे सगळं इंजिन थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह काढून.