वाचकांचे प्रश्न : छायाचित्रातले ‘ना. चव्हाण’ नेमके कोण?

प्रश्न : आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटात जुन्या समारंभांची छायाचित्रे सापडली असून, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, म्हणजे १७ सप्टेंबरला, त्यांचे प्रदर्शन भरवण्याचा आमचा विचार आहे. त्यांपैकी चार छायाचित्रांखाली ‘चव्हाण’ असे आडनाव आहे, पण नाव कोठेच नाही. पहिल्याखाली ‘मुख्यमंत्री चव्हाण, विद्यापीठ उद्घाटन, औरंगाबाद’, दुसऱ्याखाली ‘ना. चव्हाण, जायकवाडी पायाभरणी’, तिसऱ्याखाली ‘पंतप्रधान इंदिराजींसमवेत मुख्यमंत्री चव्हाण, पैठण’ आणि चौथ्याखाली ‘केंद्रीय गृहमंत्री चव्हाण व मुख्यमंत्री पाटील यांचे स्वागत’ अशा ओळी आहेत. चौथ्या छायाचित्रात मागच्या कापडी फलकावर ‘जि. लातूर’ एवढीच अक्षरे वाचता येतात. ही सारी छायाचित्रे एकाच गृहस्थांची आहेत काय? शिवाय चव्हाण आडनावाचे हे पुढारी एकमेकांचे नातलग होते, असे काही मंडळी सांगतात, त्यात तथ्य किती? — एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : ही छायाचित्रे एका गृहस्थांची नाहीत. यशवंतराव चव्हाण आणि शंकरराव चव्हाण अशा दोन नेत्यांची ती आहेत आणि या दोघांत रक्ताचे नाते नव्हते. यशवंतरावांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्रे येथे झाला आणि त्यांची राजकीय कर्मभूमी कऱ्हाड ही होती. शंकररावांचा जन्म १९२० साली पैठणला झाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने ते हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले आणि पुढे नांदेडचे नगराध्यक्ष, आमदार, मंत्री असे चढत गेले. चव्हाण हे आडनाव मराठा समाजाप्रमाणेच बंजारा समाजातही आहे आणि महाराष्ट्रभर पसरलेले आहे, त्यामुळे आडनावावरून नाते जोडण्यात अर्थ नाही. नाते आहे ते शंकरराव आणि अशोक चव्हाण या पितापुत्रांचे. दोघेही राज्याचे मुख्यमंत्री झाले. पुढे २०१० साली मुख्यमंत्री झालेले पृथ्वीराज चव्हाण कऱ्हाडचे असले तरी ते यशवंतरावांच्या घराण्यातले नव्हेत.

खरी अडचण आडनावाइतकीच पदांचीही आहे. एरवी जुन्या छायाचित्रातील व्यक्तीची ओळख पटवताना आडनावाला पदाची जोड मिळाली की बहुधा काम भागते. या दोघांच्या बाबतीत ते भागत नाही, कारण दोघेही मुख्यमंत्री झाले आणि केंद्रातील संरक्षण, गृह व अर्थ ही तिन्ही खाती दोघांनीही सांभाळली. यशवंतराव १९५६ ते १९६२ या काळात मुख्यमंत्री होते. चीनशी युद्ध सुरू असताना १९६२ च्या नोव्हेंबरात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, १९६६ मध्ये गृहमंत्री झाले आणि १९७० मध्ये अर्थमंत्री. शंकरराव १९७५ ते १९७७ आणि पुन्हा १९८६ ते १९८८ असे दोनदा मुख्यमंत्री होते. केंद्रात ते १९८४ च्या अखेरीस संरक्षणमंत्री, सप्टेंबर १९८५ मध्ये गृहमंत्री, १९८८ मध्ये अर्थमंत्री आणि १९९१ ते १९९६ या काळात पुन्हा गृहमंत्री होते. त्यामुळे ‘अर्थमंत्री चव्हाण’ ही ओळ १९७२ ची असू शकते, तशी १९८९ चीही. ‘परराष्ट्रमंत्री चव्हाण’ असे कोठे आढळले तर मात्र ते निःसंशय यशवंतराव समजावेत, कारण १९७४ ते १९७७ या काळात ते खाते त्यांच्याकडे होते आणि शंकररावांकडे ते कधीच आले नाही. सारांश, आपल्या कामात तारखेइतका भरवशाचा दुसरा पुरावा नाही.

आता आपली छायाचित्रे पाहू. मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, तेव्हा यशवंतराव मुख्यमंत्री होते, म्हणून पहिल्या छायाचित्रातील चव्हाण म्हणजे यशवंतराव. मात्र नवी ओळ लिहिताना त्यांचा उल्लेख ‘महाराष्ट्राचे मुख्यमंत्री’ असा करू नये. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले. तेव्हा ‘तत्कालीन मुंबई राज्याचे मुख्यमंत्री’ असेच लिहावे. मुक्तिसंग्रामाच्या प्रदर्शनात हा तपशील सैल सोडणे बरे नव्हे, कारण हैदराबाद संस्थानातून निघून महाराष्ट्रात येईपर्यंतची वाट मराठवाड्याने टप्प्याटप्प्याने चालली आहे आणि नव्या पिढीला ते टप्पे अशा ओळींतूनच कळणार आहेत.

दुसरे छायाचित्र सर्वांत नाजूक आहे. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. त्या दिवशी दोन्ही चव्हाण मंत्री होते. यशवंतराव देशाचे संरक्षणमंत्री होते आणि शंकरराव वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात पाटबंधारे खाते सांभाळत होते. ‘ना.’ म्हणजे नामदार हे बिरूद त्या काळी राज्याच्या आणि केंद्राच्याही मंत्र्यांना लावत, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. धरणाचे काम पाटबंधारे खात्याचे, म्हणून मन शंकररावांकडे झुकते, पण तेवढ्यावर ओळ छापू नये. १९६५ च्या आसपासच्या, नावानिशी छापलेल्या छायाचित्राशी चेहरा ताडून पाहावा. ‘लोकराज्य’चे किंवा अनंत भालेरावांच्या संपादकत्वाखालील ‘मराठवाडा’ या वृत्तपत्राचे जुने अंक ज्या ग्रंथालयात असतील तेथे हे काम होईल. गांधी टोपीवरून किंवा पोशाखावरून निर्णय घेऊ नये, कारण त्या पिढीतील बहुतेक पुढाऱ्यांचा पोशाख एकसारखाच असे.

तिसऱ्या छायाचित्राबाबत शंकेला जागा नाही. इंदिरा गांधी पंतप्रधान असताना मुख्यमंत्रिपदावर असलेले चव्हाण १९७५ ते १९७७ मधले शंकररावच, आणि जायकवाडीचे उद्घाटन इंदिराजींच्या हस्ते २४ फेब्रुवारी १९७६ रोजी झाले. मागे धरणाची भिंत किंवा समारंभाचा मांडव दिसत असेल तर तारीखही लिहायला हरकत नाही. आपल्याच जन्मगावी, सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या मातीच्या धरणाच्या उद्घाटनाला मुख्यमंत्री म्हणून उभे राहण्याचा योग शंकररावांच्या वाट्याला आला, हेही त्या ओळीत यायला हवे.

चौथे छायाचित्र मला सर्वांत मोलाचे वाटते. लातूर जिल्हा उस्मानाबादमधून वेगळा झाला तो ऑगस्ट १९८२ मध्ये, त्यामुळे ‘जि. लातूर’ लिहिलेला फलक त्यापूर्वीचा असू शकत नाही आणि १९६६ ते १९७० या काळातील गृहमंत्री यशवंतराव आपोआप बाजूला पडतात. उरले शंकरराव, आणि त्यांचे गृहखात्याचे दोन कालखंड. त्यांतला कोणता, हे शेजारचे ‘मुख्यमंत्री पाटील’ सांगतात. १९९१ ते १९९६ या काळात सुधाकरराव नाईक, शरद पवार आणि मनोहर जोशी हे मुख्यमंत्री होते, त्यांत पाटील कोणी नाही. सप्टेंबर १९८५ ते मार्च १९८६ या काळात मात्र शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री होते. म्हणजे हे छायाचित्र त्या जेमतेम सहा महिन्यांतले आहे. निलंगेकरांनी मार्च १९८६ मध्ये पद सोडल्यावर त्यांच्या जागी मुख्यमंत्री म्हणून आले ते शंकररावच. एकाच व्यासपीठावर हार स्वीकारणाऱ्या या दोघांपैकी एक लवकरच दुसऱ्याच्या खुर्चीवर बसणार होता, ही गोष्ट तारीख निश्चित झाल्याखेरीज कोणाच्या लक्षातही आली नसती.

प्रश्न : आमच्या शाळेच्या इमारतीच्या उद्घाटनाच्या छायाचित्राखाली ‘मुख्यमंत्री पाटील, १९८५’ असे लिहिले आहे. गावात निम्मे लोक वसंतदादा म्हणतात, निम्मे निलंगेकर. काय लिहावे? — एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : दोन्ही बाजूंचे म्हणणे शक्य कोटीतले आहे. वसंतदादा पाटील जून १९८५ च्या आरंभापर्यंत मुख्यमंत्री होते आणि त्यांच्यानंतर लगेच निलंगेकर आले, म्हणून वर्ष पुरेसे नाही, महिना हवा. तो इमारतीच्या कोनशिलेवर कोरलेला असतो. कोनशिला रंगाखाली बुजली असेल तर शाळेचे लॉगबुक किंवा संस्थेच्या सभांचे इतिवृत्त पाहावे.

मराठवाड्यातील पाटील घराण्यांत गावाचे नाव जोडण्याची चाल आहे, निलंगेकर, चाकूरकर अशी. घोटाळा टाळायला तिच्याइतकी सोयीची गोष्ट नाही, पण छायाचित्राखाली लिहिणारे नेमके तेवढेच गाळतात. ही अडचण जुन्या काळापुरती आहे असेही समजू नये. २००४ ते २००८ या काळात केंद्राचे गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर होते आणि राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील. त्या वर्षांतील ‘गृहमंत्री पाटील’ असे छायाचित्र आपल्या जिल्ह्यात घरोघरी असेल. तेथे तारीखही निकाल देणार नाही, पूर्ण नावच लिहून ठेवले पाहिजे, आणि ते आज, ओळखणारे भेटतात तोवर लिहिले पाहिजे. ‘देशमुख’ आणि ‘नाईक’ यांनाही हाच नियम लावावा. १९७२ च्या दुष्काळातील कामांवर दिसणारे मुख्यमंत्री नाईक हे वसंतराव. सुधाकरराव हे त्यांचे पुतणे आणि ते मुख्यमंत्री झाले १९९१ मध्ये.

प्रश्न : मूळ ओळ अपुरी किंवा चुकीची असेल तर ती खोडून दुरुस्त करावी काय? — एक वाचक, नांदेड

उत्तर : मुळीच खोडू नये. जुनी ओळ हाही पुरावाच असतो. ती तशीच ठेवून नवी ओळ वेगळ्या कागदावर, ‘संपादित नोंद’ असे स्पष्ट लिहून खाली द्यावी. छायाचित्राच्या पाठीमागे बॉलपेनने लिहू नये, दाब उमटून पुढचा भाग खराब होतो. लिहायचेच झाले तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. स्कॅन करताना मागची बाजूही अवश्य घ्यावी, कारण छायाचित्रकाराचा शिक्का, तारीख किंवा कोणी टिपलेले नाव तेथेच असते.

एक आग्रहाची विनंती आहे. मुख्यमंत्री कोण, हे आज ना उद्या कोणत्याही कालपटावरून कळेल. ‘सौ. चव्हाण’ एवढ्याच ओळीत उरलेल्या यशवंतरावांच्या पत्नी वेणूताई आणि शंकररावांच्या पत्नी कुसुमताई यांच्यापैकी कोण, हे ठरवायला अधिक कष्ट पडतील. ‘खासदार श्रीमती चव्हाण’ असेल तर त्या कऱ्हाडच्या प्रेमलाताई, म्हणजे पृथ्वीराज चव्हाणांच्या मातोश्री, असण्याची शक्यता तपासावी. पण खुर्च्यांमागे उभे असलेले सरपंच, मुख्याध्यापक, हार आणणारी मुलगी, माईक धरणारा कार्यकर्ता यांची नावे कोणत्याच ग्रंथात मिळणार नाहीत. त्यांना ओळखणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीची आहेत. प्रदर्शनात प्रत्येक छायाचित्राशेजारी एक वही ठेवावी, चेहऱ्यांना क्रमांक दिलेली झेरॉक्स प्रत तिला जोडावी आणि येणाऱ्यांकडून नावे लिहून घ्यावीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याजवळ एखाद्या विद्यार्थ्याला बसवावे, आणि प्रत्येक नोंदीपुढे सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख न चुकता टाकावी.