रॉकीजला किती दिवस द्यायचे?

प्रश्न: आम्ही दोघं सप्टेंबरात महिनाभर व्हँकुव्हरहून गाडीने फिरणार आहोत, कॅनडातल्या रॉकीज पर्वतरांगेला चार दिवस पुरतील ना?

उत्तर: नाही हो, निदान दहा तरी ठेवा! लेक लुईस ते जॅस्पर हा आइसफील्ड्स पार्कवे नावाचा डोंगररस्ता सुमारे २३० किलोमीटरचा, पण दर वळणावर थांबावंसं वाटतं, आम्हाला अख्खा दिवस लागला आणि तरी पेटो लेकवरून पाय निघेना, इतकं निळं पाणी, हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे तसं दिसतं म्हणे. टाकी आधीच फुल करा, मधे पेट्रोल जवळजवळ नाहीच, मोबाईललाही रेंज नसते, मॅप डाउनलोड करून ठेवा. मोरेन लेकला २०२३पासून खासगी गाडी नेता येत नाही, शटल आधीच बुक करा. महिनाअखेरीस तिथले लार्च वृक्ष पिवळेधमक होतात, ते चुकवू नकाच.