ट्रकला एलईडी बसवू का? पुढे नको, मागे जरूर

तुमचा प्रश्न असा आहे: इंदूर–नाशिक फेऱ्या करणारे दोन दहाचाकी ट्रक, चालक हेडलाईटला एलईडी बसवा म्हणून मागे लागलाय. पासिंगला (फिटनेस तपासणीला) अडेल का, आणि मागे लावलेले एलईडी दिवे एका पावसाळ्यात का मरतात? मी इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात वीस वर्षं ट्रकांचं वायरिंग करतो. रोज हाताखालून जातं तेच सांगतो.

तुमच्या चालकाची मागणी खोटी नाही. मानपूरचा उतार, पुढे बिजासन घाट, समोरून अपर (दूरवर जाणारा झोत) लावून येणारी बस आणि मध्येच एकही दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. त्याला उजेड हवाच. पण हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये एलईडी बल्ब खोचून तो मिळत नाही. एच-फोर बल्ब काढून हातात धरा. आत दोन तारा दिसतील, आणि डिपरच्या (खाली वळवलेल्या जवळच्या झोताच्या) तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपर मारल्यावर झोत वर उसळत नाही. मागचा रिफ्लेक्टर त्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडी बल्बची चिप आकाराने वेगळी, जरा सरकलेली, आणि झोत फिसकटतो.

पटत नसेल तर अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर आठ-दहा मीटरवर उभी करा आणि डिपर लावा. हॅलोजनच्या उजेडाची वरची कड रेघ मारल्यासारखी दिसेल आणि डावीकडे थोडी वर चढेल. आता एका बाजूला एलईडी बल्ब घाला. रेघ जाईल, भिंतीवर वरपर्यंत पांढरे डाग पडतील. ते डाग म्हणजे समोरच्या मोटारसायकलवाल्याचे डोळे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम हेच मोजून सांगतो: दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, तो माणूस दिपता कामा नये.

तुमच्या मॉडेलला कंपनीनेच एलईडी हेडलाईट दिला असेल तर तो बिनघोर ठेवा, कारण तो अख्खा संच तपासून मान्य झालेला असतो. केबिनवरचा लाईट बार मात्र उतरवा. समोर स्पॉटलाईट लावायला नियम १११ प्रमाणे बंदी आहे, अपवादाला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. पुढे लाल आणि मागे पांढरा दिवाही चालत नाही. मागे रिव्हर्सचा आणि नंबरप्लेटचा तेवढा पांढरा चालतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चालकाने हौसेने लावलं, मला माहीत नव्हतं, असं सांगून मालकाची सुटका होत नाही.

मग उजेड वाढवायचा कसा? इंजिन चालू ठेवून, दिवा लावून होल्डरवर मीटर लावा. बॅटरीवर २८ व्होल्ट आणि होल्डरवर २४ दिसले तर बल्ब निर्दोष आहे, वायर आणि स्विच व्होल्टेज खाताहेत. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के घसरलं की उजेड साधारण तीस टक्क्यांनी पडतो. रिले (डॅशबोर्डच्या स्विचऐवजी दिव्याचा करंट पेलणारा स्विच) टाका, बॅटरीवरून फ्यूजसकट जाड वायर आणा, अर्थिंग (दिव्याची चेसिसला जाणारी निगेटिव्ह जोडणी) नवीन करा. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर पूर्ण हेडलाईट बदला. बल्ब २४ व्होल्टचा ७५/७० वॉटचाच ठेवा, त्याहून मोठा टाकला तर होल्डर वितळतो. आणि झोत लावताना गाडी नेहमीच्या मालासकट उभी करा. मागे वजन पडलं की नाक वर उठतं, आणि रिकाम्या गाडीवर नीट लावलेला झोत भरल्या गाडीत समोरच्याच्या डोळ्यात जातो.

तुमचे एलईडीचे पैसे मागे आणि बाजूला घाला, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. चार वर्षांपूर्वी माझ्या एका गिऱ्हाइकाचा ट्रक इंदूरजवळच्या राऊच्या पुढे पंक्चर होऊन रात्री कडेला उभा होता. मागचे दोन्ही दिवे अर्थिंग तुटल्याने बंद. एक मोटारसायकल मागून येऊन आदळली. पोरगा वाचला, पण पाय गेला. नंतर मी ती गाडी पाहिली: बिघाड एका गंजलेल्या नटाचा होता, दहा मिनिटांचं काम.

मागचा दिवा घेताना सीलबंद अख्खा संच घ्या, जुन्या कव्हरात घालायचा सुटा एलईडी बल्ब नको. काचेवर मान्यतेचा क्रमांक साच्यातच उमटलेला असावा. नुसता स्टिकर असेल तर दुकानातच ठेवा. इंडिकेटर एलईडी केला आणि तो भराभर लुकलुकू लागला तर घाबरू नका. २१ वॉटच्या बल्बच्या जागी दोन-चार वॉट आले की फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला) बल्ब उडाल्यासारखं वाटतं. एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवा; मिनिटाला ६० ते १२० झपके हवेत.

आता मागचे दिवे एका पावसाळ्यात का मरतात ते. गेल्या आषाढात एक मेलेला दिवा मी उघडला. आत बोटभर पाणी, त्यावर शेवाळ, आणि वायरचं तांबं हिरवं होऊन पीठ झालेलं. काच शाबूत होती. पाणी वायरीच्या आतून चढलं होतं, कारण मागचा जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला होता. म्हणून जोड झाळा, त्यावर गोंदवाली श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवा, आणि दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप दिव्याच्या मागच्या बाजूला मारू देऊ नका.

अर्थिंग रंगावर नको. चेसिसचा रंग घासून चकचकीत करा, नट आवळा, वर ग्रीस. मग दिवे लावून दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर काम पुन्हा करा. इंजिन रेस करून बॅटरीवर २९ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर दाखवा, तोच एकामागून एक दिवे मारतोय. आणि बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढलेच पाहिजेत. तसं न केल्याने एका दिवसात सगळे दिवे गेलेले मी पाहिलेत.

रिफ्लेक्टिव्ह टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. ती धुळीखाली गेली तर असून नसल्यासारखी, फडक्याने पुसायची. पासिंग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. पण क्लीनरला रोज अंधार पडायच्या आत मागे उभं करून चालकाने ब्रेक, इंडिकेटर आणि टेल एकदा लावून बघायचं. तुमचे दोन्ही चालक हे करतात का, ते आधी विचारा.