वाचकांचे प्रश्न : ओढ्याला रात्री रंगीत पाणी येतं, तक्रार टिकेल कशी?

प्रश्न : आमच्या ओढ्याला महिन्यातून तीन-चारदा रात्री तांबडं, उग्र वासाचं पाणी येतं. सकाळी मासे मरून वर आलेले असतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दोनदा तक्रार केली. अधिकारी चार दिवसांनी आले, तेव्हा पाणी नितळ. आता काय करावं?

उत्तर : तुमच्या तक्रारीत वेळ आणि जागा नसावी, असा अंदाज आहे. 'ओढा दूषित झाला' एवढ्यावर रात्री कोण येणार? आधी एक नोंदवही ठेवा. तारीख, पाणी दिसलं ती वेळ, रंग, वास, फेस, त्या दिवशी पाऊस होता का. मग काठाने वर चालत जा, स्वच्छ पाणी लागेपर्यंत. घाण जिथे मिसळते त्या तोंडाच्या थोडं वर एक आणि खाली एक, असे दोन फोटो लोकेशनसह काढा. भर उन्हाळ्यात औद्योगिक वसाहतीचं पावसाळी गटार वाहत असेल, तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

मासे मेले म्हणजे विषच असतं असं नाही. सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपतो. शेवाळ रात्री प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं, म्हणून तो पहाटे सर्वांत कमी असतो. मोजायचं तर सूर्योदयाआधी; दुपारी तोच ओढा ठीकठाक दिसेल. पीएच पट्टीवर (पाणी आम्ल की अल्कधर्मी हे दाखवणारी कागदी पट्टी; 7 म्हणजे उदासीन) मात्र फार विसंबू नका. जमिनीवरच्या जलस्रोतात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा पीएच 5.5 ते 9, बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा प्राणवायू) लिटरला 30 मिलिग्रॅम आणि सीओडी (ती रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) 250 मिलिग्रॅम अशी आहे. हे आकडे पाइपच्या तोंडाशी लागू होतात. ओढ्यात मिसळून पातळ झालेल्या पाण्यात पट्टी 7 दाखवील आणि तुम्ही फसाल.

बाटली भरून ठेवायची तर ती त्याच पाण्याने दोनदा विसळा, तोंड प्रवाहाकडे धरून काठोकाठ भरा, तळाचा गाळ ढवळू नका. बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. पण हा नमुना कोर्टात टिकत नाही. 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने संबंधिताला नोटीस देऊन नमुना घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, सील आणि सह्या करायच्या, तरच तो पुरावा. तेव्हा आपलं काम अधिकाऱ्याला योग्य वेळी तिथे आणण्याचं.

म्हणून अर्ज मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांच्या नावे करा. वहीतल्या नोंदी जोडा, पाणी बहुतेक कोणत्या तासांत येतं ते लिहा आणि त्या वेळी नमुना घेण्याची मागणी करा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच. पाइप कुणाचा हे पक्कं नसेल तर कारखान्याचं नाव न लिहिता ठिकाण लिहा. सोबत माहिती अधिकारात, 10 रुपये शुल्क भरून, वरच्या अंगाच्या कारखान्यांची संमतीपत्रं (मंडळाने त्यांना दिलेले परवाने) मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, साधारण 150 शब्दांत. रोज किती सांडपाणी आणि ते कुठे सोडायचं, हे संमतीपत्रात असतं. ज्याला बाहेर थेंबही सोडायची परवानगी नाही, त्याचा पाइप ओढ्यात निघाला तर प्रयोगशाळेचीही फार गरज उरत नाही.

प्रश्न : नव्या प्रकल्पाच्या जनसुनावणीवर गावाने बहिष्कार टाकावा का?

उत्तर : टाकू नये. पर्यावरणावरील परिणाम तपासण्याच्या (ईआयए) 2006 च्या अधिसूचनेत गणसंख्येची, म्हणजे किमान उपस्थितीची, अटच नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. नोटीस किमान 30 दिवस आधी येते. तेवढ्यात जिल्हाधिकारी कार्यालय किंवा जिल्हा परिषदेत प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश वाचा. हरकती लेखी देऊन पोच घ्या. शेवटी कार्यवृत्ताचा सारांश मराठीत वाचून दाखवावा लागतो. तोपर्यंत थांबा, आणि आपला मुद्दा गाळला असेल तर तिथेच उठून सांगा.