‘तिनं मुद्दाम केलं!’

प्रश्न : ताई, मुलगा सातवीत आहे. वर्षभरापासून धाकट्या बहिणीवर सारखा हात उगारतो. तिचा धक्का लागून वही सरकली, एवढंही पुरतं. विचारलं की म्हणतो, “तिनं मुद्दाम केलं.” ओळखीच्या एकांनी सांगितलं, राग मनात साठू देऊ नका, उशी द्या, तिच्यावर काढू दे. दोन महिने झाले. उशीची शिवण उसवली, मारणं तसंच आहे. ह्यांचे दोन फटके बसले की तेवढ्यापुरता गप्प होतो. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : उशी आजच उचलून ठेवा. हाच सल्ला मीही पूर्वी पुष्कळ आयांना दिला आहे. तो चुकीचा होता.

राग म्हणजे कुकरमधली वाफ, शिटी झाली की संपली, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी हे तपासून पाहिलं. त्यांनी ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवलं. तुझ्याइतका वाईट निबंध क्वचितच वाचलाय, असा शेरा त्यांच्या हाती दिला. मग काहींना त्या शेरा देणाऱ्याला डोळ्यांपुढे आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, तर काहींना दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणारेच नंतर जास्त चिडलेले निघाले. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. उशीवर हाणताना तुमचा मुलगाही बहिणीचाच चेहरा समोर आणत असणार. म्हणजे दोन महिने रोज सराव चाललाय.

तुमच्या पत्रात मी ‘मुद्दाम’ या शब्दापाशी थांबले. माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. केनेथ डॉज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. मुलानं जोडत आणलेलं चित्रकोडं दुसऱ्याच कुणाकडून मोडलं जातं. ते खोडसाळपणे मोडलं की चुकून, हे स्पष्ट असलं की सगळी मुलं साधारण सारखीच वागली. पण कळायला मार्ग नव्हता, तेव्हा मारकुट्या मुलांनी ते मुद्दामच केलंय असं धरलं आणि तसंच उत्तर दिलं. तुमच्या मुलाला खरोखरच हल्ला झाल्यासारखं वाटतं, ताई. तो थापा मारत नाही. म्हणून “उगाच चिडतोस” हे वाक्य त्याला आणखी एकटं पाडतं.

त्याऐवजी तो शांत असताना, जेवणं आटोपल्यावर वगैरे, त्या दिवसाचा एकच प्रसंग घ्या. वही सरकली. का सरकली असेल? तीन कारणं त्यानंच सांगायची. पहिलं ‘मुद्दाम’ हेच येईल. येऊ द्या. दुसऱ्याला वेळ लागेल, तिसऱ्याला तो हसेलही. ऐन भांडणात मात्र हे काढू नका, तेव्हा दोघांना फक्त वेगळ्या खोल्यांत न्या.

शाळा, क्लास करून तो किती वाजता घरी येतो, काही खाल्लेलं असतं का, शाळेत त्याला कुणी चिडवतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिवसभर गिळलेला अपमान संध्याकाळी घरातल्या सगळ्यात लहान माणसावर निघतो, हे मी फार घरांत पाहिलंय. त्याच्याशी बोला, वर्गशिक्षकांनाही भेटा.

फटक्यांबद्दल त्याच्या बाबांशी तुम्हालाच बोलावं लागेल. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६१ साली मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या प्रयोगात मोठ्या माणसानं हवेच्या बाहुल्याला बदडलेलं लहान मुलांनी पाहिलं, आणि नंतर तसंच बदडलं. तोंडचे शब्दसुद्धा तेच. तुमचा मुलगा गप्प होतो खरा, पण बाबांचा हात कसा उठतो हेही तो पाहून ठेवतो.

बहिणीला खरी इजा होऊ लागली, किंवा त्यानं हातात वस्तू घेतली, तर थांबू नका. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. नाहीतर महिनाभर वहीत रोज लिहा, ‘मुद्दाम’ किती वेळा आलं आणि किती वाजता. ती पानं मला पाठवा.