निघण्याआधीचा पंधरवडा

परदेशी शिकणारी मुलं आणि त्यांच्या घरची माणसं यांच्या पत्रांना या सदरात उत्तरं देतात पुण्यातल्या एक निवृत्त जपानी शिक्षिका. या वेळची तीनही पत्रं परतीच्या वाटेवरची आहेत.

बाई, सा. न. वि. वि.
मी पुण्याची. एक वर्षाच्या एक्स्चेंजवर ओकायामाला आले आणि आता २७ ऑगस्टला परत निघतेय. राहते डॉर्मवर, पण इथल्या एका कुटुंबाने वर्षभर मला दर रविवारी घरी बोलावलं. ओकासान, म्हणजे त्या घरातली आई, सत्तरीच्या आहेत. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर त्यांनी माशाची दाशी (सूपाचा अर्क) सोडून कोम्बु हे समुद्री शेवाळ आणि शिताके मशरूमच्या पाण्याचं सूप करायला सुरुवात केली. सणाचा बाराझुशी हा आंबटसर भातसुद्धा माझ्यासाठी वेगळा, बिनमाशांचा. पण माझ्या जाण्याचा विषय काढला की त्या उठूनच जातात. गेल्या रविवारी मी म्हटलं, "आता तीनच रविवार राहिले," तर त्या पीच सोलायला लागल्या. ओतोसान, म्हणजे वडील, बेसबॉल बघत होते, त्यांनी मान वळवली नाही. त्यांना काहीच वाटत नाही का? की मीच जास्त जीव लावून बसले? भेट काय देऊ? मिठी मारली तर चालेल का? दोघं स्टेशनवर सोडायला येणार आहेत, तिथे काय बोलायचं? रोज रात्री मनात भाषण करते आणि अर्ध्यावर रडू येतं.
— एक विद्यार्थिनी, ओकायामा

अगं मुली, ओकायामाचा पांढरा पीच झाडावर असताना एकेका फळाला कागदाची पिशवी बांधून वाढवतात, हे तू बागांमधून पाहिलं असशील. बाजारात त्याची किंमतही पाहिली असशील. तुझ्या वाक्यानंतर ओकासाननी तो आणून सोलला. आता तूच सांग, काही वाटतं की नाही!

त्यांच्या पिढीतली बरीच माणसं असं काही तोंडाने बोलत नाहीत. आपल्याकडची जुनी माणसंही कुठे बोलायची? पण भावना नाही असं समजू नकोस. ओबोनच्या सणात पितर घरी येतात आणि साधारण १६ ऑगस्टला त्यांची पाठवणी होते, हे तुला माहीत आहेच. जपानच्या पूर्वेकडच्या भागात त्यासाठी काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. येताना घोड्यावरून भरभर या, जाताना गाईवरून रमतगमत जा. निघालेल्याने सावकाश जावं म्हणून वांग्याला पाय लावणाऱ्या लोकांना तू विचारतेस, काही वाटतं का! आणि ओतोसानचं म्हणशील, तर ऑगस्टमध्ये कोशिएनच्या शाळकरी बेसबॉल स्पर्धेवरून मान वळवणारा त्या वयाचा जपानी पुरुष मी तरी पाहिलेला नाही. ते मनावर घेऊ नकोस.

आता मुद्द्याचं. तुझी खरी अडचण ओकासान नाहीत, तू सगळा निरोप स्टेशनवर नेऊन ठेवला आहेस ही आहे. तिथे काय होणार ते ऐक. प्लॅटफॉर्म तिकीट काढून दोघं वर येतील. शिंकान्सेन ही वेगवान गाडी येईल, मिनिट-दीड मिनिट थांबेल. तेवढ्यात तुला दोन बॅगा आत चढवायच्या आहेत, मागे माणसं उभी असणार. मग दार बंद. खिडकी उघडत नाही, काचेतून आवाज जात नाही. वर्षभराचं जे काही तिथे बोलायचं ठरवलं असशील ते ओठांवरच राहील, आणि पुढे वर्षभर तुला तेच टोचत राहील. म्हणून बोलायचं ते आधी बोल, घरात बोल, थोडं थोडं बोल. रडणं मात्र ट्रेनसाठी राखून ठेवायला हरकत नाही, शिन-ओसाकापर्यंत पाऊण तास मिळतो.

शेवटून दुसरा रविवार तुझा. त्या दिवशी स्वयंपाक तू कर. पंचपक्वान्नं नकोत, बटाट्याची भाजी, वरण-भात, एखादी कोशिंबीर. फोडणी करताना खिडकी उघडी ठेव आणि एक्झॉस्ट लाव, त्यांची घरं लहान असतात आणि हिंगाचा वास पडद्यांत आठवडाभर राहतो. तिखट बेताचं घाल. जेवण झालं की तिथेच, भांडी विसळताना, पाठमोरी उभी राहून सांगून टाक. मोठं भाषण नको. कोम्बुच्या सूपाचं सांग. "माझ्यासाठी तुम्ही सत्तराव्या वर्षी नवीन स्वयंपाक शिकलात" एवढं वाक्य पुरे. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत बोललीस तर दोघींनाही जड जाईल.

भेटीचं सांगते. महाग काही देऊ नकोस. जपानात घेतलेल्या भेटीची परतफेड करावीच लागते, त्याची किंमत लोक मनात धरतात, आणि तू निघून गेल्यावर ओकासान बिचाऱ्या पुण्याच्या पत्त्यावर पार्सल पाठवत बसतील. चार वस्तूंचा संच नको, चारचा उच्चार मृत्यूच्या उच्चारासारखा आहे. घरून कोणी येणार असेल किंवा सामानात काही उरलं असेल तर चिक्कीसारखं टिकणारं गोड दे. त्यांच्या घरात बुत्सुदान, म्हणजे पितरांचा देव्हारा असेल तर आधी विचार, "इथे ठेवू का?" आणि डबा तिथे ठेवून हात जोड. वर्षभर ज्या घरी जेवलीस तिथल्या गेलेल्या माणसांचाही निरोप घेतलास, हे ओकासानना कळेल. बरोबर हाताने लिहिलेलं पत्र दे, जपानीत, तुझ्या चुकांसकट. शिक्षकांकडून तपासून घेऊ नकोस. तपासलेलं पत्र सरकारी वाटतं.

मिठी? त्यांनी पुढे केली तर मार. आपणहून जायचं असेल तर त्यापेक्षा आपला वाकून नमस्कार कर, पण आधी सांगून. नाहीतर ओतोसानना वाटेल तुझं काहीतरी खाली पडलं आणि तेही शोधायला वाकतील. हसू नकोस, हे घडलेलं आहे. नमस्कार घरात, तातामीच्या चटईवर करायचा. प्लॅटफॉर्मवर नाही.

आणि एक बारीक गोष्ट, जी आपली मुलं हमखास विसरतात. शेवटच्या रविवारी त्यांच्या दारातून निघालीस की दोघं फाटकाशी उभी राहतील आणि तू दिसेनाशी होईपर्यंत हलणार नाहीत. तिकडची ही रीतच आहे. हॉटेलं, सराया, सगळीकडे पाहुण्याला असंच सोडतात. तर कोपऱ्यावर पोचलीस की थांब, वळ, एकदा वाकून नमस्कार कर, मग पुढे जा. फोन पिशवीत असू दे.

डॉर्मवरची आणि क्लबमधली मंडळी तुझ्यासाठी सोबेत्सुकाई, म्हणजे निरोपसमारंभ, करतील. तिथे दोन शब्द बोलावेच लागतात, टाळता येत नाही. दोन मिनिटांचं तयार ठेव. चौकोनी पुठ्ठ्यावर सगळ्यांनी गोल गोल फिरवून लिहिलेली योसेगाकी देतील. ती हातसामानात घे, मोठ्या बॅगेत दुमडते. पुष्पगुच्छ मिळाला तर तो विमानात न्यायच्या भानगडीत पडू नकोस, ओकासानकडे दे. व्हिएतनाम, तैवान, उझबेकिस्तानच्या मैत्रिणींचं थोडं कठोर बोलते. सगळ्यांना "नक्की भेटू" म्हणू नकोस. ज्या दोघी-तिघींना खरंच भेटायचं आहे त्यांच्याशी आत्ताच साल आणि गाव ठरव. बाकीच्यांबरोबर एकेक संध्याकाळ मजेत घालव आणि सोडून दे. वर्षभराची सोबत चांगली झाली, तेवढंही खूप असतं.

आता कागदपत्रं, कारण डोळे पुसत पुसत हीच राहून जातात. शियाकुशोत, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन परदेशी जात असल्याची तेन्शुत्सु नोंद कर, ती निघण्याच्या साधारण चौदा दिवस आधीपासून करता येते. तिथेच राष्ट्रीय आरोग्य विम्याचा हिशेब मिटव आणि पेन्शनच्या विद्यार्थी सवलतीचंही विचार. बँक खातं शेवटचं बिल गेल्यावर बंद कर, फोन त्याच्याही नंतर. गादी, खुर्ची असलं मोठं सामान कचऱ्यात तसंच टाकता येत नाही. पालिकेकडे वेळ घेऊन, फीचं स्टिकर लावून ठेवावं लागतं आणि ऑगस्टअखेर सगळेच निघत असल्याने तारखा लवकर भरतात. आणि सायकल! मैत्रिणीला नुसती किल्ली देऊन येऊ नकोस. चोरीविरोधी नोंदणी तुझ्या नावावर आहे, ती बदलली नाहीस तर पोलिस तिला रस्त्यात थांबवून ही सायकल कोणाची म्हणून विचारतील. झाइर्यू कार्ड, म्हणजे तिथलं रहिवासाचं ओळखपत्र, विमानतळावर दाखवावं लागतं, भोक पाडून परत देतात. कायमची निघत असशील तर निघतानाच्या फॉर्मवर पुनर्प्रवेशाच्या चौकटीत खूण करू नकोस.

हे सगळं वीस तारखेपर्यंत उरकलंस तर शेवटचा आठवडा मोकळा मिळेल. एक सकाळ कोराकुएनमध्ये जा. १७०० साली पूर्ण झालेली ती बाग, पलीकडे आसाही नदी आणि काळा किल्ला. तू सिंहगड रस्त्यावरच्या आपल्या पु. ल. देशपांडे उद्यानात लहानपणी गेली असशीलच, ते याच बागेवरून केलेलं, पुणे-ओकायामा मैत्रीचं म्हणून. शक्य झालं तर ओकासानना घेऊन जा आणि सांग, की याचं धाकटं भावंड आमच्याकडे आहे, या बघायला. हे निमंत्रण "कधीतरी या" पेक्षा बरं, कारण यात जागा ठरलेली आहे.

पोचल्यावर त्याच दिवशी फोन कर. आठवड्याच्या आत आभाराचं पत्र टाक. मेसेज वेगळा, पत्र वेगळं. मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेंगाजो, म्हणजे नववर्षाचं कार्ड, पाठव, म्हणजे नव्या वर्षाच्या सुमारास मिळेल. त्यांच्या घरी त्या वर्षी कोणी गेलं असेल तर ते आधी कळवतात, मग शुभेच्छांचं कार्ड पाठवायचं नसतं. एवढं सांभाळलंस तर नातं टिकतं. मी १९८० च्या दशकात जपान सरकारच्या मोम्बुशो शिष्यवृत्तीवर गेले होते, तेव्हा घरी फोन लावणं परवडायचं नाही, तरी तिथल्या घरमालकीणबाईंशी निव्वळ नेंगाजोवर ओळख टिकली, त्या होत्या तोवर.

बाई,
मी जर्मनीत एका सेमिस्टरसाठी आहे, पुढच्या महिन्यात परत. लॅबमधल्या कोणीही माझ्यासाठी निरोपाचं काही ठरवलेलं दिसत नाही. वाईट वाटतंय. शिवाय डिपॉझिट कधी मिळणार, कोणी सांगत नाही.
— म., मूळ नाशिक

म., वाईट वाटून घेऊ नकोस, केक आण. जर्मनीत वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस तोच आणतो आणि निरोपाचंही तसंच, जाणारा सगळ्यांना खाऊ घालतो. ते लोक कदाचित तुझ्या मेलची वाट बघत असतील. "गुरुवारी तीन वाजता किचनमध्ये केक आहे" असं लिही, सगळे येतील, वेळेवर येतील आणि कार्डही घेऊन येतील. माझी भाची तिकडे आहे, तिच्या लॅबमध्ये हे कायम चालतं. केक विकतचा चालेल. नारळाची वडी जमत असेल तर फारच छान.

डिपॉझिट घर सोडलं की लगेच मिळत नाही, मालक वीज-पाण्याचा हिशेब होईपर्यंत काही महिने ठेवू शकतो. म्हणून तिकडचं बँक खातं घाईने बंद करू नकोस. खोली सोडताना मालकासमोर फिरून दोघांच्या सह्यांचा कागद कर, फोटो काढ. आबमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद रद्द करणं, घर सोडण्याच्या आधी एक आठवड्यापासून नंतर दोन आठवड्यांपर्यंत करता येतं. त्याची प्रत जपून ठेव, कारण रेडिओ-टीव्ही शुल्काचे महिन्याचे १८.३६ युरो तुझ्या नावावर असतील तर ते थांबवायला तीच लागते. खोलीमित्राच्या नावावर असतील तर तुझा प्रश्न मिटला. ते घरटी असतात, माणशी नाहीत.

बाई,
मुलगा परदेशातलं सेमिस्टर संपवून आला. आम्ही किती वाट पाहिली! आणि हा दिवसभर तिथल्या मित्रांशी फोनवर, नाहीतर गप्प. जेवणातही लक्ष नाही. आमचं काही चुकलं का?
— एक आई, सांगली

ताई, काही चुकलेलं नाही. तुमच्याकडे तो परत आला, पण एक गाव त्याचं सुटलंय, आणि त्या गावात तुम्ही नव्हता, म्हणून तुमच्याशी बोलायला त्याला सुरुवात सापडत नाही. "कसं होतं तिकडे?" असं विचारू नका, "मस्त" एवढंच उत्तर मिळेल. रोज सकाळी कुठल्या रस्त्याने कॉलेजला जायचास, ते विचारा. फोनमधला नकाशा उघडून दाखवायला सांगा, वाटेतली दुकानं विचारा. पहिला महिना नातेवाइकांच्या रांगा लावू नका. आत्याला दिवाळीत भेटेल, काही बिघडत नाही. तिथला एखादा पदार्थ त्याला करायचा असेल तर स्वयंपाकघर मोकळं करून द्या आणि ओटा त्यालाच पुसू द्या. बेचव झाला तरी दुसऱ्यांदा वाढून घ्या, वरून तिखट-मीठ मागू नका.